कायरोप्रॅक्टिकसाठी महाविद्यालय कसे निवडावे?

प्रश्न : कायरोप्रॅक्टिकची, म्हणजे मणके व सांधे हातांनी हाताळून उपचार करण्याच्या पद्धतीची, पदवी घेण्याचा माझा विचार आहे. माहितीपत्रके सगळीच आकर्षक दिसतात; तेव्हा निवड नेमकी कशाच्या आधारे करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : पुढे ज्या देशात व्यवसाय करायचा आहे, तेथील परवाना मंडळ कोणती पदवी ग्राह्य धरते, हे आधी पाहावे. अमेरिकेत ‘कौन्सिल ऑन कायरोप्रॅक्टिक एज्युकेशन’ची मान्यता आणि राष्ट्रीय मंडळाच्या परीक्षा महत्त्वाच्या ठरतात. मान्यता नसेल, तर शुल्क कितीही कमी असले तरी तो विचार सोडून द्यावा.

उत्तर २ : मान्यतेइतकीच विचारसरणीही तपासावी. डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये ही पद्धती सुरू केली; परंतु जवळजवळ सर्व आजारांचे मूळ मणक्यांत शोधणारी त्यांची मांडणी आजच्या संशोधनाला धरून नाही, आणि तरीही काही संस्था तीच शिकवतात. पाठदुखी, मानदुखी यांवर भर देणारी, रुग्णाला वेळीच डॉक्टरांकडे पाठवायला शिकवणारी संस्था मला अधिक विश्वासार्ह वाटते.

उत्तर ३ : जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांत, आरोग्यशिक्षणाची पार्श्वभूमी नसलेल्यांसाठी किमान ४२०० तासांचे शिक्षण आणि त्यात कमीत कमी १००० तास देखरेखीखालील रुग्णसेवा अपेक्षित आहे. तुमच्या यादीतील प्रत्येक संस्थेला हे आकडे लेखी विचारा.