पोस्टग्रेस सर्व्हरशी जोडणी होत नाही

प्रश्न (फोंडा): आमच्या पतसंस्थेच्या पोस्टग्रेस (डेटाबेस) सर्व्हरशी त्याच यंत्रावरून जोडणी सुरळीत होते, परंतु पणजी शाखेतून 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असा संदेश तत्काळ येतो. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (मडगाव): हा संदेश तुलनेने बरा म्हणायचा; फायरवॉलने (जोडण्या गाळणाऱ्या सुरक्षा-व्यवस्थेने) विनंती परस्पर टाकून दिली असती, तर बराच वेळ थांबून 'टाइम्ड आउट' दिसले असते. तत्काळ नकाराचा अर्थ बहुधा असा, की यंत्रापर्यंत आपण पोहोचता, पण ५४३२ पोर्टवर (पोस्टग्रेसच्या नेहमीच्या जोडणी-क्रमांकावर) बाहेरच्या जोडण्या कोणी स्वीकारत नाही, कारण सर्व्हरने कोणत्या पत्त्यांवर जोडण्या घ्याव्यात हे ठरवणारे 'लिसन अ‍ॅड्रेसेस' मुळात लोकलहोस्टपुरते (त्याच यंत्रापुरते) असते. तिथे सर्व्हरचा अंतर्गत पत्ता घालून सेवा पुन्हा सुरू करावी. नुसते रीलोड (सेवा न थांबवता सेटिंग पुन्हा वाचणे) पुरत नाही.

उत्तर (म्हापसा): त्यानंतर 'पीजी एचबीए' या, कोणाला जोडू द्यायचे ते ठरवणाऱ्या फाइलीत शाखेचा पत्ता नोंदवावा, त्यासाठी मात्र रीलोड पुरे. खातेदारांची माहिती असल्याने पोर्ट इंटरनेटवर उघडे न ठेवता व्हीपीएननेच (सुरक्षित खासगी जाळ्यानेच) जोडावे, असा माझा आग्रह आहे.