श्रिंकेज : आकुंचन, आकसणे की आटणे?

मांडवीकाठ : वेर्ण्यातल्या एका कारखान्यासाठी पावडर इंजेक्शन मोल्डिंगची पुस्तिका मराठीत करते आहे : धातूची पावडर आणि ती बांधून ठेवणारा बाइंडर यांचे मिश्रण साच्यात दाबून भरायचे, मग बाइंडर काढून भाग भट्टीत भाजायचा. सिम्युलेशनच्या (संगणकावर साचा भरून पाहण्याच्या) अहवालातले श्रिंकेज साच्यात थंड होतानाचे, जेमतेम. भट्टीतले मात्र १५ टक्क्यांच्या घरात. दोन्हीकडे ‘आकुंचन’ लिहिले की वाचणारा दोन्ही आकडे एकच धरतो. दोन शब्द हवेत.

साचेघर : साच्यात आकसतो, भट्टीत आटतो. मिश्रणात पावडर आकारमानाने ६० टक्के, भाजल्यावर घनता भरीव धातूच्या ९७ टक्के. ०.६० भागिले ०.९७, त्याचे घनमूळ ०.८५२. म्हणजे २० मिमीच्या भागाला साचा २३.४७ मिमीचा.

शुद्धलेखनी : आटते ते दूध. ‘शीतन-आकुंचन’ आणि ‘तापपिंडन-आकुंचन’ लिहा.

साचेघर : धुतल्यावर कापडही आटते, त्यात दूध कुठले? आणि ‘तापपिंडन’ वाचून मशीनवरच्या पोराला काय कळणार? ३१६ एल स्टील १३५० अंशांच्या आसपास भाजतात, वितळू न देता. डिचोलीचा कुंभार मडके भाजतो तसेच.

डिचोलकर : मडके बरेचसे आटते ते वाळतानाच, बाब. आणि साच्यातून नुकत्याच निघालेल्या ‘ग्रीन पार्ट’ला ‘हिरवा भाग’ कोणी केले?

मांडवीकाठ : मीच. हिरवे लाकूड म्हणतोच ना?

शुद्धलेखनी : ते ओले असते. ‘कच्चा’ लिहा.

डिचोलकर : मग बाइंडर काढल्यावरच्या ‘ब्राउन’ला काय? तो त्याहून ठिसूळ.

साचेघर : ‘पोचट’! आणि पावडर-बाइंडर वेगळे होण्याला, सेग्रिगेशनला, ‘फाटणे’. मिश्रण साच्यात शिरते तिथे, गेटपाशी, काळ्या रेघा दिसल्या की फीडस्टॉक, म्हणजे ते मिश्रण, फाटला समजा. घसट जास्त तिथून पावडर सरकते, बाइंडर उरतो. ६० ची ५८ टक्के झाली की तिथे २० मिमीचे १९.७७ होतात. म्हणून सिम्युलेशनमध्ये पावडरच्या प्रमाणाचा नकाशा आधी बघायचा. भरण्याचा वेग कमी करून भागत नाही : पावडरमुळे उष्णता झटकन जाते, गेट आधी गोठते, पोकळी अर्धीच भरते. गेट रुंद करून पुन्हा चालवून पाहावे. व्हिस्कॉसिटी (दाटपणा) त्याच फीडस्टॉकची मोजलेली द्या. तयार यादीतल्या प्लास्टिकची टाकली तर नकाशा नुसता रंगीत.

शुद्धलेखनी : आधी आटले, आता फाटले. उद्या विरजण लावा.

डिचोलकर : दूध कशाला, नारळ घ्या. रस वेगळा, चोथा वेगळा.

मांडवीकाठ : ‘फाटणे’ ठेवते. पण श्रिंकेजचे काय ठरले?

शुद्धलेखनी : थांबा, ‘गेट’ तसेच राहिले. ‘द्वार’ की ‘मुख’?