पुरवठादार बदलण्याआधी आपलं पेमेंट तपासा

'माल वेळेवर येत नसेल तर पुरवठादार बदला' हा सल्ला मला पटत नाही. पुण्याजवळच्या भोसरीतल्या छोट्या टर्निंग शॉपचे (लेथवर सुटे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपचे) पैसे 90 दिवस अडकले की त्याचा मालक बार, म्हणजे कच्च्या मालाचा धातूचा रॉड, रोखीने, लागेल तेवढाच उचलतो. मग प्रत्येक लॉटला हीट नंबर (धातू कोणत्या वितळणीतला ते सांगणारा क्रमांक) वेगळा, टेस्ट सर्टिफिकेट वेगळं, आणि ते सगळं तपासेपर्यंत माल आपल्या इनवर्डलाच, म्हणजे आवक विभागातच, होल्डवर पडून राहतो. खरा उशीर इथे होतो. एमएसएमईडी कायदा, 2006 (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा) प्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाला करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर 15. शिवाय पुरवठादाराला दिलेल्या शेड्यूलचे (कधी किती माल हवा त्या वेळापत्रकाचे) पहिले दोन आठवडे पक्के ठेवा. सोमवारी 500 नग सांगून बुधवारी 800 केले, की त्याला दुसऱ्या गिऱ्हाइकाचा चालू जॉब उतरवून मशीनचं सेटिंग बदलावं लागतं.