मदत हवी आहे: गाड्या धुतलेलं पाणी सेप्टिक टँकमध्ये जातंय

नमस्कार मंडळी,

आमच्या कामाच्या ठिकाणी आम्ही बारा माणसं आहोत आणि माल पोचवणाऱ्या दहा गाड्या. संडास-बाथरूमचं पाणी 3000 लिटरच्या सेप्टिक टँकमध्ये आणि तिथून शोषखड्ड्यात जातं. गाड्या धुतो त्या फरशीची मोरीही कधीतरी त्याच लाइनला जोडली गेली. तेव्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

दोन महिन्यांपासून शोषखड्ड्याभोवतीची जमीन ओली राहतेय, संडासातलं पाणी गुडगुडत हळूहळू उतरतं. मागच्या आठवड्यात उपसा करणारी गाडी बोलावली. झाकण काढलं तर वरच्या थरावर तेलाचा सप्तरंगी तवंग. उपसावाल्या दादांनी तळाला टेकवलेला बांबू वर काढून काठावर पुसला, तर वाळू करकरली.

मग हिशेब मांडला. माणसांचं पाणी दिवसाला साधारण 500 लिटर, म्हणजे ते टाकीत पाच-सहा दिवस थांबायला हवं. धुलाईचं गाडीमागे 150 धरलं तरी 1500 लिटर, तेही सकाळच्या दोन तासांत. असा लोंढा आल्यावर खाली बसलेला गाळ ढवळून शोषखड्ड्यात जाणारच.

मोरीच्या तोंडाशी ऑइल ट्रॅप, म्हणजे वर तरंगणारं तेल अडवणारं चेंबर, बांधून पाहिला. त्यातून बाहेर पडणारं पाणी दुधासारखं पांढरट. बाटलीत भरून रात्रभर ठेवलं. सकाळीही तसंच, वर तेलाची जेमतेम रेघ. ट्रॅप लहान पडला की चूक दुसरीकडेच आहे? आणि लाइन तोडली तर पाणी सोडायचं कुठे? पावसाळी गटारात सोडा म्हणणारे आहेत, पण ते थेट ओढ्याला मिळतं. माझं मन धजत नाही.

प्रतिसाद

लाइन आधी तोडा, बाकीचं नंतर. सेप्टिक टँकमधले जिवाणू मैला कुजवतात. इंजिन ऑइल, ब्रेकच्या धुळीतलं तांबं-जस्त त्यांच्या आवाक्यातलं नाही. ते पुढे मातीत आणि भूजलात उतरतं.

ट्रॅप मोठा केलात तरी फरक पडणार नाही. शॅम्पू आणि प्रेशर वॉशर मिळून तेलाचे इतके बारीक थेंब करतात की ते वर तरंगत नाहीत. तेल लवकर सोडणारा, म्हणजे धुतल्यावर ते पाण्यापासून पुन्हा वेगळं होऊ देणारा शॅम्पू घ्या. धुण्याआधी चाकांवरचा चिखल कोरडाच खरवडून काढा, पाण्यासाठी आधी गाळाचं चेंबर, मग ट्रॅप आणि शेवटी तळ बंद असलेली साठवण टाकी. ते पाणी गाळून पहिल्या धुलाईला वापरता येतं. उरलेलं प्रक्रिया केंद्रात पाठवायचं. ट्रॅपमधलं तेल धोकादायक कचऱ्यात जातं, मैल्यात नाही. पावसाळी गटाराबाबत तुमचं बरोबर आहे, तिथे अजिबात सोडू नका. आणि टाकी रिकामी दिसली तरी आत कुणाला उतरवू नका, विषारी वायूने माणसं जातात.

मूळ धागाकर्ता

आज दुपारी लाइन तोडली, पाइपाचं तोंड सिमेंटने बुजवलं. धुलाई तूर्त बंद. पण शॅम्पूच्या कॅनवर फक्त 'भरपूर फेस' एवढंच लिहिलंय. तेल सोडणारा कोणता, ते ओळखायचं कसं?

प्रतिसाद

तुमच्याच बाटलीने. पाणी, नेहमीच्या मापाने शॅम्पू आणि चमचाभर जुनं इंजिन ऑइल घालून जोरात हलवा. तासाभरात तेल वर येऊन खालचं पाणी नितळ झालं, तर तो घ्या. पांढरट राहिलं तर दुसरा शोधा.