घेटुळी लावून बघा

सोलापूरकडच्या मुरमाड जमिनीत, पाणी न देता जमीन झाकेल अशी औषधी वनस्पती हवी, असं एकाने विचारलंय. लॉन विसरा, घेटुळी लावा. म्हणजेच पुनर्नवा. उन्हाळ्यात वरचा पाला वाळून जातो, आपण मेली समजतो, आणि पहिल्या वळवानंतर त्याच गड्ड्यातून कोंब फुटतात. नाव उगाच नाही पडलेलं! सगळी करामत खोल जाणाऱ्या जाड सोटमुळाची. म्हणूनच मोठं रोप उपटून दुसरीकडे लावलं तर बहुतेक वेळा रुसतं. बी टाका, नाहीतर लहानपणीच हलवा.

बी आणायला नर्सरीत जायची गरज नाही. पावसाळ्याच्या शेवटी रस्त्याकडेच्या घेटुळीतून एक चक्कर मारा, पायजम्याला चिकट बारीक बिया लागतातच. मी अशाच आणल्या, बायकोने धुण्याच्या वेळी माझा उद्धार केला तो वेगळा.

फक्त खापरा नावाच्या तणाशी गल्लत करू नका, बाजारात तोही पुनर्नवा म्हणून खपतो. दोन्हींत समोरासमोरच्या पानांपैकी एक मोठं, एक लहान असतं. पण खापऱ्याचं पान मांसल आणि फूल पानाच्या बेचक्यात दडलेलं. घेटुळीची गुलाबी-जांभळी फुलं टाचणीच्या डोक्याएवढी, बारीक दांड्यांवर वर आलेली.

कोवळ्या पाल्याची मूगडाळ घालून भाजी मस्त होते. सुजेवर मूळ देतात हे खरं, पण किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर वैद्यांना विचारल्याशिवाय काढे उकळत बसू नका. आणि हो, वाफ्याला विटांची कड घाला, नाहीतर वर्षभरात शेजाऱ्याच्या अंगणात पोचेल.