फादर फेरर यांच्यावर छोटं प्रदर्शन: फलकांवर काय असावं, काय नसावं? (प्रत्येक मजकुराच्या आधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

वागदर्डी

मंडळी, नमस्कार. १९ जूनला व्हिन्सेंट फेरर यांचा स्मृतिदिन. मनमाडच्या शेतकऱ्यांना विहिरींसाठी मदत करणारे आणि पुढे आंध्रात अनंतपूरला काम करणारे हे स्पॅनिश धर्मगुरू. त्यानिमित्त मनमाडच्या एका वाचनालयात सहा फलक लावायचे आहेत. फलक ४ बाय ३ फुटांचे, मजकूर मराठीत. बघायला येणार आठवी-नववीची मुलं आणि सत्तरी ओलांडलेली माणसं, म्हणजे चूक झाली तर जागेवर पकडली जाणार.

मसुदा सध्या असा आहे: बालपण, मनमाडचं काम, हद्दपारीचा हुकूम आणि मोर्चा, अनंतपूर, पुरस्कार, विचार. तीन गोष्टी अडल्यात. एक, १९७० नंतर ते धर्मगुरू राहिले नाहीत, मग सगळीकडे 'फादर' लिहावं का? दोन, मनमाडच्या कामाचा, म्हणजे विहिरींचा फलक 'शेतकऱ्यांना विहिरी खोदायला मदत केली' एवढ्यावर संपतो. मुलांना त्यातलं काही कळणार नाही. तीन, नेटवरून उचललेल्या माहितीत कुठे घसरायला होतं?

सनावळी

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण पहिली चूक फोटोतच होते. नाव टाकून चित्र शोधलं की पंख लावलेले, डोक्यावर ज्वाला असलेले एक साधू येतात. ते व्हॅलेन्सियाचे संत व्हिन्सेंट फेरर, डॉमिनिकन संघाचे. जन्म १३५०, मृत्यू १४१९. नाव एकच, अंतर साडेपाचशे वर्षांचं.

दुसरी सरमिसळ फादर हर्मन बाखर यांच्याशी. तेही येशूसंघीय (जेझुइट), तेही परदेशी, तेही पाण्याचं काम करणारे. पण ते स्वित्झर्लंडचे, त्यांचं काम अहमदनगर भागातल्या पाणलोटाचं, आणि ते शेवटपर्यंत संघातच राहिले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर खणलेल्या डोंगराचा फोटो फेररांच्या फलकावर आला, तर तो बहुधा चुकीच्या फाइलमधून आलाय.

सन एवढे पुरेत: ९ एप्रिल १९२० ला बार्सिलोनात जन्म. किशोरवयात स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूनं भरती. १९४४ ला येशूसंघात प्रवेश, १९५२ ला मुंबईत आगमन, पुढे मनमाड. १९६८ ला देश सोडण्याचा हुकूम. १९६९ ला परत, पण महाराष्ट्रात नाही, आंध्रातल्या अनंतपूरला. १९७० ला येशूसंघ सोडला आणि ॲन पेरी या इंग्रज पत्रकार बाईंशी लग्न. १९ जून २००९ ला अनंतपूरला निधन, दफन बत्तलपल्लीला.

१९६८ आणि १९७० या दोन सनांची गल्लत फार होते. 'हकालपट्टी' हा शब्द फक्त १९६८ ला लागतो आणि तो सरकारी हुकूम होता. संघानं काढलं, म्हणून सरकारनं घालवलं, असा घोळ काही लेखांत आहे. क्रम उलटा आहे: हुकूम निघाला आणि ते परत आले तेव्हा ते येशूसंघातच होते.

या हुकुमाविरुद्ध निघालेल्या मोर्च्याचे आकडे साधारण सगळीकडे सारखे मिळतात: ३० हजारांवर शेतकरी, मनमाड ते मुंबई, २५० किलोमीटर. त्यापुढे इंदिरा गांधींची तार लिहा, पण तिचा अर्थ नीट लिहा. फेरर थोड्या दिवसांच्या सुट्टीसाठी परदेशी जातील आणि भारतात पुन्हा त्यांचं स्वागत होईल, असा तिचा आशय. हुकूम थेट मागे घेतला असं तीत नाही. जावं लागलं, फक्त दार उघडं ठेवलं. राजकारणातला हा सफाईदार मधला मार्ग आठवीच्या मुलांनाही कळेल.

कातळफोड

विहिरींचा फलक हाच प्रदर्शनाचा गाभा करा. बालपण आणि पुरस्कार मिळून एका फलकावर आणा, इकडे दोन फलक द्या. फेररांची पद्धत सांगायला सोपी आहे: विहीर शेतकऱ्यानं खणायची, खणणं चालू असताना घर चालवायला त्याला गहू आणि तेल उसनं मिळायचं, विहिरीवर पीक आलं की बिनव्याजी परत करायचं. परत आलेलं पुढच्या विहिरीला. यात शहाणपण काय होतं हे कळायला आधी विहीर पाडणं म्हणजे काय ते दाखवावं लागेल.

एक नमुना हिशेब द्या. विहिरीचा व्यास २० फूट धरला तर तळाचं क्षेत्र ३१४ चौरस फूट. म्हणजे एक फूट खाली जायचं तर ३१४ घनफूट, तीन ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) वर दगड-मुरूम बाहेर. ४० फुटांना साधारण १२५ ब्रास. फोडलेला दगड सैल होऊन दीडपट जागा घेतो, म्हणजे आजच्या दोन ब्रासच्या डंपरच्या नव्वदहून जास्त खेपा. वजन नऊशे-हजार टनांच्या घरात. तेव्हा ना पोकलेन ना डंपर. घण-पहारीनं भोकं पाडायची, सुरुंग उडवायचा, पाट्या-घमेल्यांनी आणि दोरानं माल वर ओढायचा.

आता वेळ. खोदकाम रब्बी निघाल्यावर सुरू होतं आणि पहिल्या पावसाला थांबतं. फेब्रुवारी ते मे, चार महिने. नेमके हेच महिने घरातले दाणे संपायचे. पुरुषमाणसं मजुरीला बाहेर गेली तर विहीर थांबते, विहिरीवर राहिली तर चूल थांबते. सावकाराकडून पैसे घेतले तर व्याज पहिल्या फुटापासून चालू आणि पाणी लागणार शेवटच्या फुटाला, तेही लागलं तर. काम दुसऱ्या उन्हाळ्यावर गेलं की व्याज दोन वर्षांचं, आणि पावसाळ्यात कड ढासळून आत पडलेला गाळ काढण्याचा खर्च वेगळा. अर्धवट विहिरी यामुळेच पडून राहतात. उसन्या गव्हानं नेमकी ही फट बुजते. व्याज नाही, आणि मिळालेली वस्तू पोटातच जाणारी, लग्नात खर्च होणारी नाही.

खडकाचं चित्र काढा, फोटोपेक्षा ते बोलेल. मनमाडच्या भागात वरून खाली साधारण असं: माती, मुरूम, मग मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा खडक) किंवा काळा पाषाण, हे थर आलटून-पालटून. पाणी असतं मुरमात, पाषाणाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यावर. अखंड पाषाणात ते नसतं. म्हणून दहा-पंधरा फूट कोरडा कातळ फोडत जायचं आणि खाली सांधा मिळाला तर झरा फुटायचा. पंधराव्या फुटाला हिंमत सुटली तर सगळंच बुडालं. जागा चुकली, उंचवट्यावर विहीर धरली, तर सांधा मिळूनही तो कोरडा निघतो. मुरमाच्या थराला आतून दगडी बांधकाम केलं नाही तर दोन-तीन पावसाळ्यांत तोंड रुंदावत जातं आणि विहीर गाळानं भरते.

पाणी लागलं म्हणजे सुटलो असंही नाही. वरच्याच विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. १० फूट पाणी उपसलं तर ८९ हजार लिटर. एका एकराला दोन इंचाचं पाणी द्यायचं तर दोन लाख लिटर लागतात, म्हणजे एका दिवसाच्या उपशात १७-१८ गुंठे भिजतात. रात्रीत झऱ्यांनी विहीर पुन्हा किती भरते त्यावर सगळा खेळ. डिसेंबरात आठ-दहा फूट भरणारी विहीर एप्रिलमध्ये दोन फुटांवर येते. आणि शेजाऱ्यानं पाचशे फुटांवर जास्त खोल विहीर घेतली तर तेही पाणी त्याच्याकडे सरकू शकतं. हे लिहा. नाहीतर फेरर आले, विहिरी झाल्या, दुष्काळ संपला अशी गोष्ट मुलांच्या डोक्यात बसेल, आणि मनमाडच्या मुलांना नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते ठाऊक आहे.

बिनव्याजी फिरत्या उसनवारीचे धोके: दुष्काळात सगळ्यांचीच परतफेड एकदम थांबते, वस्तू साठवली तर गव्हाला पोरकिडे लागतात, आणि पैशात परत घेतलं तर महागाईनं तेवढ्याच पैशांत पुढच्या वेळी कमी गहू येतो. हे सगळं टिकतं ते शेतकऱ्यांचा गट एकमेकांवर नजर ठेवतो म्हणून. कागदावर टिकत नाही.

म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या आठवणी नोंदवणार असाल तर खोली फुटांत विचारू नका, परसात विचारा. 'सात परस' असं चटकन उत्तर येईल. परस म्हणजे पुरुषभर, गावागणिक पाच ते सहा फूट, तो कोणता धरला हेही लिहून घ्या. सातबाऱ्यावर असल्या उसनवारीचा बोजा सापडणार नाही. इतर हक्कांत बँक, सोसायटी, तगाई (सरकारी कर्ज) दिसते, तोंडी व्यवहार दिसत नाही. म्हणून माणसंच विचारावी लागतील, आणि लवकर.

आणि एक. 'मनमाड' आणि 'गहू' शेजारी आले की एफसीआयची (भारतीय अन्न महामंडळाची) गोदामं आठवतात. त्यांचा इथे संबंध जोडू नका.

वसईचा

'फादर'बद्दल. येशूसंघीय धर्मगुरूवर दोन वेगळी बंधनं असतात. एक संघाचं: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाची व्रतं. दुसरं गुरुदीक्षेचं, म्हणजे धर्मगुरू होताना मिळणाऱ्या दीक्षेचं. संघ सोडला की पहिलं सुटतं. दुसऱ्यातून मिळणारी जबाबदारी आणि अधिकार काढून घेतले जातात, मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी) अर्पण करता येत नाही, पण गुरुदीक्षा पुसली जाते असं चर्च मानत नाही. एखादा माणूस मरणाच्या दारात असेल तर असा माजी धर्मगुरूही त्याचा पापांगीकार (पापांची कबुली) ऐकू शकतो. त्यामुळे 'माजी धर्मगुरू' हा शब्द व्यवहारात बरोबर आहे, धर्मशास्त्रात थोडा ढिला आहे.

फलकावर असं करा: १९७० पर्यंतच्या मजकुरात 'फादर फेरर', नंतरच्या मजकुरात 'फेरर' किंवा 'व्हिन्सेंट फेरर'. शीर्षकात 'फादर' राहू द्या, मनमाडला दुसऱ्या नावानं कुणी ओळखणार नाही. 'संन्यास मोडला', 'झगा उतरवला' असले शब्द टाळा, त्यात टोमणा आहे. 'येशूसंघ सोडला' पुरे. आणि 'मिशनरी' हा शब्द अनंतपूरच्या फलकावर नको. तिथली त्यांची संस्था, रूरल डेव्हलपमेंट ट्रस्ट, धर्माशी बांधलेली नाही.

लग्नासाठी संघ सोडला की संघ सोडल्यावर लग्न, या वादात पडू नका. दोन्ही १९७० मध्ये, एवढं लिहिलं की झालं.

शेंगदाणा

कातळफोड यांचं सगळं मान्य, फक्त तीच विहीर अनंतपूरला उचलून नेली असं चित्र काढू नका. तिकडचा खडक वेगळा: ग्रॅनाइट आणि नीस. वर पातळ लाल माती. पाणी वरच्या कुजलेल्या थरात आणि भेगांत, भेगा खोलीबरोबर कमी होत जातात. पाऊस वर्षाला ५५० मिलिमीटरच्या आसपास, दोन्ही मोसमी वाऱ्यांच्या आडबाजूला पडलेला जिल्हा. पीक म्हणजे मैलोन् मैल भुईमूग. शेंगा भरायच्या वेळी तीन आठवडे ओढ बसली की वरून हिरवं, खाली पोचट. तिथे एकट्याची विहीर हा उपाय पुरेसा नाही, म्हणून पाणी अडवणं, शाळा, दवाखाने, घरं असं सगळं एकाच संस्थेत आलं. घरांची एक गोष्ट फलकावर हवीच: संस्थेनं बांधलेली घरं बाईच्या नावावर होतात. नवऱ्यानं विकायचं ठरवलं तरी तिच्या सहीशिवाय विकता येत नाही.

नकाशा काढताना: २०२२ ला जिल्हा फुटला. बत्तलपल्ली, जिथे संस्थेचं मोठं रुग्णालय आणि फेररांची समाधी आहे, ते आता श्री सत्य साई जिल्ह्यात. कल्याणदुर्ग आणि कणेकलची रुग्णालयं अनंतपूरमध्येच. जुना नकाशा वापरलात तर खाली 'जुना जिल्हा' लिहा.

पुरस्कार एकच घ्या, स्पेनमधला १९९८ चा प्रिन्स ऑफ अस्तुरियास. तो चौघांत विभागून होता आणि त्यात बांगलादेशचे महंमद युनूसही होते. युनूस व्याज घेऊन गरिबांना कर्ज देणारे, फेरर बिनव्याजी उसनं देणारे, आणि दोघे एकाच पुरस्काराचे मानकरी. यावर मुलांना निबंध लिहायला लावा, 'विचार' या सहाव्या फलकाऐवजी.

वागदर्डी

सगळ्यांचे आभार. आता असं ठरतंय: १) सनावळी आणि पुरस्कार, २) विहीर: दगडाचा हिशेब, ३) विहीर: उसना गहू, व्याज आणि पाण्याचा हिशेब, ४) १९६८, ५) अनंतपूर, ६) कोरा फलक. सहाव्यावर गावांची नावं छापून पुढे रकाने: विहीर कुणाची, किती परस, पाणी लागलं का, आज आहे का. सत्तरीच्या मंडळींनी येऊन भरायचे.

एक शंका: चौथ्या फलकावर मोर्च्याचा मार्ग नकाशात दाखवावा का?

सनावळी

रेघ ओढू नका. सुरुवात आणि शेवट, दोन ठिपके आणि मध्ये '२५० किमी' एवढंच. कोणत्या गावी मुक्काम, कुठल्या घाटानं, हे सहाव्या फलकावर कुणी सांगितलं तर सांगणाऱ्याच्या नावासकट नंतर भरा.

शेंगदाणा

नकाशातच एक रेघ ओढायची असेल तर ही ओढा: मनमाड, दौंड, सोलापूर, गुंतकल, अनंतपूर. कर्नाटक एक्सप्रेस आज याच मार्गानं जाते आणि दोन्ही ठिकाणी थांबते. मुलं गाडी ओळखतील.

कातळफोड

कोऱ्या फलकाला फ्लेक्स नको, पेनची शाई पसरते. जाड ड्रॉइंग पेपर पुठ्ठ्यावर चिकटवा, आणि रकाना 'किती परस'चा रुंद ठेवा. तिथे माणसं खोलीबरोबर किती उन्हाळे लागले तेही लिहितात.