शह दिला म्हणजे हरवलं का?

निपाणी
परवा नातीबरोबर बुद्धिबळ खेळताना मी “शह” म्हटलं. ती म्हणाली, “आजोबा, चेक म्हणा की!” शाळेत चेकच शिकवतात. मग विचारते, शह म्हणजे हरलं का? कारण निवडणूक जिंकली की पेपरात “अमक्याचा तमक्याला शह” असं छापतात. मला नीट सांगता आलं नाही.

शहापूर, बेळगाव
काका, नातीला सांगा की चेक आणि शह हा एकच शब्द. फारसीत शाह म्हणजे राजा. राजावर नेम धरला की “शाह!” म्हणून सावध करायचं. तोच शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत जाऊन चेक झाला. बँकेतला चेक त्याच्याच कुळातला. मागावरचं चेक्सचं कापडही त्यातलंच, पटाच्या घरांवरून आलेलं. आमच्या वडगावातल्या किती विणकरांना हे माहीत असेल, देव जाणे.

शह म्हणजे हार नव्हे. राजा माऱ्यात आलाय, बाकी सगळं ठेव आणि आधी हे निस्तर, एवढाच निरोप. राजा हलवा, मध्ये मोहरा घाला किंवा शह देणारा मोहरा मारा. घोड्याच्या शहाला मध्ये काही घालता येत नाही, आणि एकदम दोन मोहऱ्यांचा शह बसला तर राजालाच पळावं लागतं. यातलं काहीच जमेना, की मात. राजा पटावर मारला कधीच जात नाही, त्याच्याआधीच डाव संपतो.

खानापूर
विभक्तीत पण फरक आहे बघा. राजाला शह देतात, संकटावर मात करतात. शह हा डाव चालू असतानाचा शब्द. विरोधकाच्या वॉर्डात तगडा उमेदवार उभा केला, तर तो शह. मतमोजणी झाल्यावर कसला शह? तिथं मात म्हणा.

निपाणी
आणि काटशह? उलटा डाव टाकणं, असंच ना?

खानापूर
पटावर त्याचा अर्थ नेमका आहे. आपल्या राजाचा शह सोडवायचा आणि त्याच खेळीत समोरच्या राजाला शह द्यायचा. समजा शह अडवायला उंट मध्ये घातला, तर त्याच उंटाच्या तिरप्या रेषेत समोरचा राजा सापडला पाहिजे. क्वचितच जमतं. राजकारणात मात्र रोज दोन काटशह होतात! पण मला ते खटकत नाही, शब्द पटावरून खाली उतरला की थोडा सैल होणारच.

शहापूर, बेळगाव
जुन्या देशी खेळात शहाला आणखी वजन होतं. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं, नव्हता. त्याऐवजी राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारता यायची, पण त्याआधी शह बसला तर ती उडी गेली. म्हणून पहिला शह मुद्दाम देत. आजचा नियम वेगळा. शह असताना किल्लेकोट करता येत नाही, माऱ्यातल्या घरावरून राजा नेता येत नाही, तिथं ठेवताही येत नाही. पण मागे कधी शह बसला होता आणि तो राजा न हलवता सोडवला, तर हक्क शाबूत राहतो. यात आमच्याकडची जुनी माणसं हमखास घोळ घालतात.

निपाणी
झालं! काल मी तिला “मघाशी शह बसला होता” असं सांगून किल्लेकोट करू दिला नव्हता. आत्ता हे वाचून दाखवलं, तर पट घेऊन दारात उभी आहे. तोच डाव परत मांडा म्हणते.